भिंतीवरची काठवट

काठवट ही भिंतीवर टांगायची वस्तू नाही. एवढं कळायला काय शिक्षण लागतं? माझ्या भावाला नाही कळलं. त्यानं आमच्या आईच्या काठवटीला ड्रिल मशीननं आरपार दोन भोकं पाडली, तिला चकचकीत पॉलिश मारलं आणि मोडनिंबजवळ हायवेला त्याचं हॉटेल आहे, तिथं काउंटरच्या मागे टांगून टाकली. एका बाजूला बैलगाडीचं चाक, दुसऱ्या बाजूला जू आणि कंदील. हा बाकीचा माल भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं उचललेला. मधोमध आमची काठवट आणि तिच्याखाली पाटी: ‘आजीच्या हातची चव’. ती आजी तेव्हा जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटमध्ये खाटेवर पडून होती आणि एका जेवणाला चार घासांच्या वर तोंड उघडत नव्हती.

माझा स्वभाव तापट आहे, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, आवाज चढायला वेळ लागत नाही. पण त्या दिवशी त्या हॉटेलात मी जे बोलले ते काही स्वभावामुळं नाही. आणि भावावर जेवढी चिडले त्याच्या दसपट पुढं आईवर चिडले, तेही स्वभावामुळं नाही. लकवा मारलेल्या म्हाताऱ्या बाईवर कुणी चिडतं का, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आधी सगळं ऐकून घ्यावं.

ज्यांच्या घरात मिक्सर आणि स्टीलच्या पराती एवढंच आहे, त्यांच्यासाठी सांगते. काठवट म्हणजे लाकडाची परात. जोडकाम नाही, खिळा नाही, एका ओंडक्यातून कोरून काढलेली. तिच्यात ज्वारीचं पीठ मळायचं आणि तिच्यातच भाकरी थापायची. आमची काठवट लिंबाची, म्हणजे कडुलिंबाची. आईनं ती सांगोल्याकडून, माहेराहून आणलेली, लग्नाच्या भांड्यांबरोबर. तिची एक कड कायम चुलीकडे असायची, त्यामुळं ती काळी पडलेली. बाकी सगळी गुळगुळीत, पिठानं आणि हातानं घासून घासून मऊ झालेली.

त्या काठवटीवर आमचं घर चाललं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते खाटेवर बसले ते बसलेच. कुणी काम सांगितलं की ‘बघू’ म्हणायचे आणि बिडी पेटवायचे. आईनं कडक भाकरी करून विकायला सुरुवात केली. कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून पार कुरकुरीत होईपर्यंत सुकवायची. आमची दोनच खोल्यांची जागा. पहाटे आई मागच्या खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. पोरं मधेमधे येतात, पीठ सांडतं, असं म्हणायची. आम्ही पुढच्या खोलीत अंथरुणात पडून थपथप ऐकायचो. कडी निघायची तेव्हा भाकरींची चळत तयार असायची, एकासारखी एक, गोल. तिच्या हातच्या भाकरीला आमच्या भागात नाव होतं. दुकानदार घरी येऊन न्यायचे.

तर ही बाई. सत्तरी ओलांडल्यावर गुडघे गेले म्हणून तिनं भाकरी बंद केल्या आणि ती भावाकडे राहत होती. मागच्या उन्हाळ्यात सकाळी तोंड धुताना पडली. उजवी बाजू गेली, हात आणि पाय दोन्ही. नशीब म्हणायचं तर बोलणं शाबूत राहिलं, जीभ थोडी जड झाली एवढंच. हॉस्पिटलातून सोडल्यावर भाऊ म्हणाला, अक्का, हॉटेलच्या गडबडीत कसं बघणार आम्ही. मी म्हणाले, कळलं, आण इकडं. नवऱ्याची हरकत नव्हती, मुलगी पुण्याला असते, तिची खोली रिकामीच होती.

मग खरा तमाशा सुरू झाला, जेवणाचा. उजवा हात लुळा, पण डावा चांगला होता. धड, ताकदीचा. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, तिनं पहिल्याच दिवशी आईच्या डाव्या हातात चेंडू दिला. आईनं तो असा आवळला की ती मुलगी बघतच राहिली. म्हणाली, आजींना डाव्या हातानं जेवू द्या, आठवड्यात सवय होईल, स्वतःच्या हातानं जेवल्या की पोटभर जेवतील. मी ताट समोर ठेवलं. आईनं डावा हात पदराखाली घेतला.

“डाव्या हातानं आन्न शिवायचं न्हाय,” ती म्हणाली.

मी समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. नवऱ्यानं जावईपणाची सगळी अदब वापरून समजावलं. बाई ऐकेल तर शपथ. बरं, मग भरवते, तर तेही नको. पोरीच्या हातून किती दिस खायचं, मी काय तान्ही हाय का. चार घास झाले की ओठ मिटायची आणि भिंतीकडे तोंड करायची. महिन्यात गालफडं आत गेली. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्वच्छ सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी लागली की ती सहसा निघत नाही. मी आत आले आणि आईला जसंच्या तसं सांगितलं, लपवाछपवी मला जमत नाही. ती म्हणाली, घाला नळी.

डाव्या हाताचा हा कायदा मला पाठ आहे. माझ्या डाव्या हाताच्या पंज्यावर, मागच्या बाजूला, एक डाग आहे. बोटभर रुंद, उलथन्याच्या पात्याएवढा. मी पहिलीत होते. पाटीवर डाव्या हातानं पेन्सिल धरायचे, जेवायलाही तोच हात पुढं यायचा. आईनं दोनदा सांगितलं, तीनदा मारलं, आणि एका दुपारी उलथनं चुलीत तापवून माझ्या हातावर टेकवलं. माझ्याच आईनं. वडील बाहेर खाटेवर होते, त्यांनी नुसतं आत डोकावलं. नंतर महिनाभर माझा डावा हात जुन्या धोतराच्या पट्टीनं कमरेला बांधलेला असायचा. शाळेत पोरं हसायची. मी उजव्या हातानं लिहायला शिकले. अक्षर इतकं सुरेख आलं की फळ्यावर सुविचार लिहायला बाई मलाच बोलवायच्या. पुढं मीही बाई झाले. माझ्या वर्गात आज तीन पोरं डाव्या हातानं लिहितात. त्यांच्या आईबापांना मी पहिल्याच पालकसभेत सांगितलंय, या हाताला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे.

एवढं करूनही आईला मी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. तिच्याही डाव्या पंज्यावर डाग होते, पण भाकरी करणाऱ्या बाईच्या हातावर डाग नसतील तर कुणाच्या असतील? तव्याचा चटका, ती म्हणायची. मी मान्य केलं होतं. माझ्या डागाचंही मी मनाशी असंच काहीतरी जमवून टाकलं होतं, अडाणी बाई, खेड्यातली, तिला काय कळणार. बायका अशी समजूत फार लवकर घालून घेतात, आणि मी तर मास्तरीण, दुसऱ्यांची समजूत घालून पगार घेणारी.

फिजिओथेरपीवालीच पुढं म्हणाली, आजी आयुष्यभर जे काम करत होत्या ते द्या त्यांच्या हातात, पीठ द्या मळायला, अन्नाला हात लागला की पुढचं सोपं होईल. मला पटलं. स्टीलची परात दिली तर आईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी भावाला फोन केला, आईची काठवट घेऊन ये. म्हणाला, आहे की, चांगल्या जागी आहे. कुठल्या जागी, तर म्हणाला, ये की एकदा हॉटेलवर, बघ तरी. रविवारी मी एसटीनं मोडनिंबला गेले आणि बघितलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या काउंटरसमोर कळलं. एक जोडपं काठवटीखाली उभं राहून सेल्फी काढत होतं. बाई म्हणत होती, किती ऑथेंटिक ना. आणि त्या ऑथेंटिक हॉटेलात भाकरी कशावर होत होत्या? मशीनवर. गोळा टाकला की खटकन चपटा होऊन बाहेर. मी मागं जाऊन डोळ्यांनी बघून आले. भावाला म्हटलं, खाली काढ ती. तो हसायला लागला. अक्का, आईचं नाव झालंय बघ, लोक विचारतात कुणाची म्हणून. मी म्हटलं, लोक विचारतात, तू विचारतोस का ती जेवली का म्हणून? दोन महिन्यांत किती वेळा आलास? गिऱ्हाइकं बघायला लागली. तो दबक्या आवाजात म्हणाला, लोकांसमोर नको. मी म्हटलं, आई लोकांसमोर चालते तुला भिंतीवर, आणि माझं बोलणं चालत नाही होय? स्टूल ओढलं, वर चढले आणि माझ्या हातानं काठवट उतरवली. एका भोकापासून कडेपर्यंत चीर गेली होती. ज्या लाकडानं आम्हा दोघांना वाढवलं, त्याला हा दिवटा ड्रिल लावतो. पाटी मात्र मी तिथंच ठेवली. रिकाम्या भिंतीवर ‘आजीच्या हातची चव’. लोकांना वाचू दे.

चिरलेल्या काठवटीत पीठ मळता येत नाही, आणि पॉलिशवर तर मुळीच नाही, सगळं पोटात जाणार. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ती गावात एका म्हाताऱ्या सुताराकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. त्यांचे वडील हातमाग बनवायचे. माग गेले, आता चाचा खुर्च्या आणि दारं दुरुस्त करतात. जुनं लाकूड त्यांच्या हातात गेलं की ते आधी अंगठ्यानं चाचपतात, मग डोळ्यांनी बघतात. मागे एकदा मी शाळेची खुर्ची दुरुस्तीला दिली होती, तर म्हणाले होते, यावर बसणारा माणूस उजव्या पायावर पाय टाकून बसायचा आणि सारखा हलायचा. आमच्या आधीच्या हेडमास्तरांचं इतकं अचूक वर्णन कुणी केलं नव्हतं.

चाचांनी काचेच्या तुकड्यानं पॉलिश खरवडायला घेतलं. त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता, कुणी गधड्यानं मारलं हे, ताई, खाण्याच्या भांड्याला कुणी हे मारतं का. मी म्हटलं, माझ्या भावानं. ते मान खाली घालून खरवडत राहिले. आतलं लाकूड उघडं पडलं तसं ते मधेमधे थांबून अंगठा फिरवायला लागले. मग काळी कड समोर करून त्यांनी काठवट माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

“ये डावऱ्या बाईच्या हातची हाय,” चाचा म्हणाले.

मी म्हटलं, नाही हो, माझ्या आईची आहे. ते म्हणाले, असेल की, मग आई डावरी. मी म्हटलं, शक्यच नाही. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी हातातली काच खाली ठेवली आणि मला बसवून समजावलं. काळी कड चुलीकडे, म्हणजे बाई इकडे बसणार, बरोबर? एका हातानं काठवट धरून ठेवायची, दुसऱ्या हातानं पीठ रगडायचं. धरणारा हात जिथं असतो तिथं कडेवर अंगठ्याची खाच पडते. रगडणाऱ्या हाताच्या बाजूला लाकूड झिजतं. सगळ्या बायकांची खाच डाव्या कडेला असते. त्यांनी माझा उजवा हात घेतला आणि अंगठा कडेवर ठेवला. उजव्या कडेवर. अंगठा खाचेत बसला. मग माझा डावा तळहात त्यांनी काठवटीत टेकवला आणि तिथं, डावीकडे, लाकूड खोल गेलेलं होतं. मला ते बघूनही कळलं नव्हतं, हाताला लगेच कळलं.

“मला खोटं बोलून काय मिळणार, ताई? घरी जाऊन आईचा तळवा बघा,” ते म्हणाले.

चाचांनी भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, चीर आतून सांधून दिली. बुधवारी काठवट घेऊन मी रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत मला एकामागून एक आठवत गेलं. नातेवाइकांच्या लग्नात बायका ओळीनं भाकरी थापायला बसायच्या, आणि आईच्या भाकरी वेड्यावाकड्या यायच्या. आत्या हसायची, एवढ्या विकतेस आणि इथं नकाशे काढतेस होय गं? आई म्हणायची, दुसऱ्याच्या चुलीवर जमत न्हाय मला. आम्हाला वाटायचं, असेल बुवा. घरी पाहुणे आले की ती पीठ मळायला मावशीला बसवायची आणि स्वतः भाजायला बसायची. आणि ती पहाटेची कडी. पोरं मधेमधे येतात म्हणे. आम्ही कधी मधे गेलो होतो? आम्हाला ती खोली बंद असते हे इतकं पाठ होतं की आम्ही दारालासुद्धा हात लावत नव्हतो.

घरी आले तेव्हा आई झोपली होती. मी तिचा डावा हात उचलला आणि उलटा केला. दोन महिने मी या बाईला पुसत होते, न्हाऊ घालत होते, नखं कापत होते, आणि हा तळवा मी बघितला नव्हता. मनगटाच्या वर, जिथं पीठ रगडताना सगळा जोर येतो, तिथं घट्टा होता. काम सुटून वर्षं झाल्यानं मऊ पडलेला, पण होता. उजवा तळवा गुळगुळीत. मग मी पंजा सरळ केला आणि मागचे डाग बघितले. तव्याचा चटका कुठंही लागतो, कसाही लागतो. हे दोन डाग एकाशेजारी एक होते, सरळ, उलथन्याच्या पात्याएवढे रुंद. मी माझा हात त्याच्या बाजूला ठेवला. रुंदी तीच होती.

त्या क्षणी मला कणव आली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मला कणव आली नाही. माझं डोकं असं सणकलं की कानात आवाज यायला लागला. या बाईला माहीत होतं. जळल्यावर कसं वाटतं ते माहीत होतं, हात ऐकत नाही हे माहीत होतं, आणि रोज पहाटे कडी लावून ती त्याच हातानं काम करत होती. आणि दुपारी तिनं माझ्यासाठी उलथनं तापवलं.

ती जागी झाल्यावर मी काठवट तिच्या मांडीवर ठेवली. चहासुद्धा दिला नाही.

“ही काठवट डाव्या हाताची आहे,” मी म्हणाले. “सुतारानं सांगितलं. तुझ्या तळव्यानंही सांगितलं. आता तू बोल.”

आई खुंट्यांवरून बोट फिरवत बसली. आधी तिनं विचारलं, भोकं कुणी पाडली. मी सांगितलं. त्यावर तिनं भावाला एक शिवी दिली, मला बरं वाटलं. मग ती पुन्हा खुंट्यांवर बोट फिरवायला लागली. मी जाईन असं तिला वाटलं असावं. मी खुर्ची ओढून समोर बसले.

शेवटी ती बोलली, आणि अगदी साध्या आवाजात बोलली, जणू भाजी काय करायची हे सांगत होती. डावरीच्या हातचं कोन खातंय, ती म्हणाली. दार उघडं ठेवून केल्या असत्या तर एक भाकरी खपली नसती, आणि तुमी दोघं काय खाल्लं असतं? पहिला डाग तिला तिच्या आईनं दिला, लग्न ठरल्यावर. सासरी जाऊन आठ दिवसांत सासूनं बघितलं, मग दुसरा दिला. हात काही सुधारला नाही. उजव्या हातानं पीठच गोळा होत नव्हतं. मग सासू मेल्यावर तिनं कडीचा मार्ग काढला. वडिलांना माहीत होतं का, मी विचारलं. म्हणाली, त्यांना कशाचं काय माहीत होतं.

“मग मला का डागलंस?” मी विचारलं. माझा आवाज बाहेर कुणीही ऐकला असता, मला पर्वा नव्हती.

“मग काय तुलाबी जल्मभर कडी लावून बसवायची व्हती?” आई म्हणाली. “मला दोन दिलं तरी डावा न्हाय गेला. तुझं एकातच भागलं.”

ती हे अभिमानानं सांगत होती. वर्गात पहिली आलेल्या पोरीचं कौतुक करावं तसं. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले, कारण तिथं थांबले असते तर माझ्या तोंडून काय निघालं असतं देव जाणे. भांडी आपटली. डबा आपटला. राग आला की मी कामाला लागते, हा एक गुण मी तिच्याकडूनच घेतलाय. काठवट धुतली, ज्वारीचं पीठ घेतलं, मळलं, दोन भाकऱ्या केल्या. खाच माझ्या उलट्या बाजूला असल्यामुळं काठवट सारखी फिरत होती आणि मला त्याचाही राग येत होता. तुरीच्या डाळीची आमटी होती, शेंगाची चटणी होती. ताट वाढून मी तिच्यासमोर, डाव्या हाताला, आदळलं.

मी म्हटलं, आता हे नाटक पुरे. लपवायला कुणी राहिलं नाही. आई गेली, सासू गेली, नवरा गेला, गिऱ्हाइकं गेली. मी तेवढी आहे आणि मला कळलंय. जेव. नाहीतर परवा नाकात नळी घालतील आणि मी त्यांना थांबवणार नाही.

आईनं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पदराखालचा हात हलला, पण बाहेर आला नाही. ही बाई कुणाला भीत नव्हती, दुकानदारांशी भाव करताना तिच्यासमोर भले भले गडबडायचे. ती भाकरीला भीत होती.

“तू खा आदी,” ती म्हणाली. “डाव्यानं. माझ्या म्होरं खा. मग मी खाती.”

मला वाटलं, एवढंच ना. मी खाटेच्या कडेला बसले, तिचंच ताट मधे घेतलं आणि डावा हात पुढं केला. भाकरी मोडायला गेले तर ती मोडेना. अंगठ्यानं दाबायची आणि दोन बोटांनी ओढायची, इतकं सोपं, रोज तीन वेळा मी ते करते. बोटांना ते माहीतच नव्हतं. ती एकमेकांवर चढत होती. भाकरी ताटात सरकत गेली आणि ताट माझ्या मांडीवर कललं. शेवटी उजव्या हातानं धरून तुकडा तोडला. आमटीत बुडवला. तो तोंडापर्यंत नेताना मनगट वळलंच नाही, घास हनुवटीला लागला, आमटी गळ्यावरून ओघळून साडीत गेली. मी दुसरा तुकडा घेतला. तो खाली पडला. मी तिसरा घेतला. मला घाम आला होता. पहिलीच्या वर्गातली पोर माझ्यापेक्षा बरी खाते.

वर बघितलं तर आई माझ्या हाताकडे बघत होती. तोंडावरचा तो अभिमान कुठल्या कुठं गेला होता.

“तुझा तर गेलाच की गं,” ती म्हणाली.

माझ्याकडे बोलायला खूप होतं, पण हनुवटीवरून आमटी गळत होती.

आईनं पदराखालून डावा हात काढला. एका हातानं भाकरी मोडली, अंगठा आणि दोन बोटं, आवाज न करता. आमटीत बुडवली, वर चटणी घेतली आणि खाल्ली. एक थेंब सांडला नाही. मग दुसरा घास, मग तिसरा. तिला किती भूक लागली होती ते मला तेव्हा दिसलं. पाव भाकरी संपल्यावर तिनं आणखी एक तुकडा मोडला, नीट बुडवला आणि त्याच हातानं माझ्या तोंडासमोर धरला. माझा राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. मी तोंड उघडलं आणि घास घेतला.